दाताच्या डॉक्टरला "पाणी कुठलं?" विचारलं तर काय चुकलं?

दुपारपासून डोकं तापलंय म्हणून लिहायलेय. लेकीची दुधाची दाढ किडलीय, पल्पोटॉमी (दाढेच्या आतली खराब झालेली नस वरून काढून दाढ वाचवायची) करायची म्हणून लातुरातल्याच एका दवाखान्यात नेलं होतं, नाव घेत नाही. दवाखाना चकाचक, अवजारं सीलबंद पाकिटातून काढली, ग्लोव्हज नवे, बरं वाटलं. मग डॉक्टरांनी ते पाणी उडवणारं ड्रिल हातात घेतलं आणि मी विचारलं, डॉक्टर, हे पाणी कुठलं? म्हणले, "वरच्या टाकीचं ताई, टँकर येतो ना." म्हणलं, आणि ह्या नळ्या आतून कधी साफ करता? असिस्टंट पोरगी हसायली. डॉक्टर म्हणले, "आजवर कुणी विचारलं नाही बघा."

कुणी विचारलं नाही! लातुरात! २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा घागरी घेऊन उभे राहिलेलो आपण. साठवलेलं पाणी काय असतं हे आपल्याला कुणी शिकवायचं? माझी आज्जी रांजण रिकामा करून काथ्यानं घासायला लावायची, मग स्वतः आतून बोट फिरवून बघायची, बुळबुळीत लागलं की परत घास. पाणी वरून काचेसारखं दिसलं तरी ती ऐकायची नाही.

तीच बुळबुळ दाताच्या खुर्चीच्या नळ्यांत असते. नळी बारीक, प्लास्टिकची, रात्रभर आणि रविवारी दिवसभर पाणी त्यात नुसतं उभं. जंतू आतल्या भिंतीला चिकटतात, स्वतःभोवती चिकट थर करतात आणि सकाळी पहिल्या पेशंटच्या तोंडात तेच पाणी फवारलं जातं. आरओचं पाणी घाला नाहीतर डिस्टिल्ड, नळी आतून बुळबुळीत असेल तर काय उपयोग, न घासलेल्या रांजणात गाळलेलं पाणी ओतल्यासारखं झालं ते.

आणि मी उगाच शंकासूर नाहीये. अमेरिकेत २०१५ ला जॉर्जियात आणि २०१६ ला कॅलिफोर्नियात लहान लेकरांना ह्याच पल्पोटॉमीनंतर जबड्यात इन्फेक्शन झालं, जंतू टीबीच्या जंतूच्या भावकीतला, आला कुठून तर नळ्यांतल्या पाण्यातून. लेकरांची ऑपरेशनं झाली, काहींचे कायमचे दातसुद्धा गेले. इटलीत २०११ ला ८२ वर्षांची एक आजी लिजिओनेलाच्या न्यूमोनियानं गेली, तोच जंतू तिच्या दाताच्या डॉक्टरकडच्या नळीत सापडला. हे वाचलेलं असताना मी माझ्या पोरीचं तोंड उघडून गप बसू?

हो, बहुतेकांना काही होत नाही, मान्य. पण कुणाला होईल हे आधी कळतं का? शुगरवाले, केमो चालू असलेले, म्हातारे, सगळे त्याच खुर्चीत बसतात.

अन् करायचं तरी काय असतं? खुर्चीला पाण्याची वेगळी बाटली लावायची, नळ्यांतून ठरलेल्या दिवशी जंतू मारायचं औषध फिरवायचं, प्रत्येक पेशंटनंतर २०-३० सेकंद पाणी सोडून द्यायचं, अधूनमधून पाणी लॅबला तपासायला द्यायचं. अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं, साध्या ट्रीटमेंटच्या पाण्याला एका मिलीलीटरमागं ५०० जंतूंची मर्यादा घातलीय. दात काढणं, हाड कापणं असलं काही असेल तर नळीचं पाणी वापरायचंच नाही, निर्जंतुक सलाईन घ्यायचं. नुसतं पाणी सोडून थर निघत नाही म्हणून औषध हवंच. ऑटोक्लेव्हचा (वाफेनं अवजारं निर्जंतुक करायच्या यंत्राचा) फोटो रिसेप्शनवर लावता, मग नळीचं कुणी बघायचं?

रागानं मी लेकीला उठवून बाहेर आणलं. डॉक्टर मागं पार्किंगपर्यंत आले. म्हणले, "ताई खरं सांगतो, खुर्ची बसवणाऱ्यानं नळ्यांचं सांगितलंच नाही, मी औषध मागवतो, शनिवारी या." वयानं लहान पोरगाच आहे, कर्ज काढून दवाखाना टाकला असेल, इथं टँकरचा खर्च तर आपण सगळेच भोगतो. तिथं माझा राग जरा उतरला. पण ती हसणारी पोरगी अजून डोळ्यांसमोरून जाईना. तिलाही कुणी सांगितलं नसणार म्हणा, आणि दिवसभर तो फवारा तिच्याच नाकातोंडात जातो.

लेक आत्ता गालाखाली हात घेऊन झोपलीय, दाढ ठणकायलीय तिची, आणि उपचाराविना परत आणणारी मीच. शनिवारी जायचंय. हे वाचणाऱ्या दाताच्या डॉक्टरांनो, तुमच्याकडं बाटली आहे का, नळ्यांत औषध किती दिवसांनी फिरवता, खरं खरं लिहा. मला आज रात्रीच वाचायचंय.