पंधरा मिनिटांचं काम

मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे हल्ली केस कापून येण्यासारखं, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांतल्या एकाचंही ऑपरेशन झालेलं नव्हतं. आमच्या आजीच्या वेळी आधी मोतीबिंदू पिकायची वाट बघायची, मग दवाखान्यात डोकं न हलवता दिवसचे दिवस पडून राहायचं आणि पुढे जन्मभर बाटलीच्या बुडासारखा चष्मा. माझं सगळं ‘डे-केअर’. सकाळी आत, दुपारी घरी.

डॉक्टरांनी खरंच पंधरा मिनिटांत उरकलं. अडीच-तीन मिलिमीटरची चीर, टाका नाही. आतलं गढूळ भिंग अल्ट्रासाउंडने फोडून ओढून घेतलं आणि घडी घातलेलं नवं भिंग आत सरकवून उलगडलं. भूल फक्त थेंबांची, त्यामुळे मी टक्क जागा होतो आणि डॉक्टर व सिस्टर दुपारच्या डब्याबद्दल काय बोलत होते तेही ऐकत होतो. त्यानंतर विम्याची मंजुरी यायला साडेतीन तास लागले. (डिस्चार्जची मंजुरी ३ तासांत द्यावी, असा नियम २०२४ साली आला. उरलेला अर्धा तास बहुधा तो नियम आठवण्यात गेला.)

निघताना सिस्टरने हातात फॉर्म दिला. ‘आमच्याकडचा अनुभव कसा वाटला?’ आणि पुढे पाच चांदण्या. हे तिनेच वाचून दाखवलं, कारण माझ्या उजव्या डोळ्यावर झाकण, झाकणावर चष्मा बसेना, आणि डावा डोळा मोतीबिंदूच्याच रांगेत नंबर लावून बसलेला.

“काका, घरी नेऊन भरा. आठवड्याच्या तपासणीला याल तेव्हा आणा.”

सोबत सूचनांचा कागद होता. वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, जड उचलायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. पाणी घेतलं नाही, कागद मात्र अख्खा डोक्यावरून गेला.

खरी गंमत थेंबांची. पहिली बाटली पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात चार, असं उतरत एकावर यायचं. मी पडल्या पडल्या हिशेब केला, १४७ थेंब. दुसरी बाटली वेगळी, आणि दोन बाटल्यांच्या मध्ये दहा मिनिटं थांबायचं. बायकोने मोबाईलवर गजर लावले. पहिल्या दिवशी तिसरा गजर झाला तेव्हा ती भाकरी थापत होती. हात धुऊन, पुन्हा साबण लावून धुऊन आली.

“वर बघा.”

“बघतोय.”

“वर म्हणजे पंख्याकडे. माझ्याकडे नाही.”

पहिला थेंब भुवईवर, दुसरा पापणी मिटल्यावर, तिसरा गालावरून थेट कानात.

“अहो, डोळा उघडा ठेवा ना! पंधरा मिनिटं डॉक्टरांसमोर उघडा ठेवलात तो?”

तिथे चिमटा लावला होता, हे सांगायची ती वेळ नव्हती. चौथा गेला. मिनिटभराने घसा कडू झाला आणि मी घाबरून उठून बसलो. डोळ्यातून नाकात एक बारीक नळी उतरते, म्हणून थेंब घातल्यावर नाकाजवळचा कोपरा दाबून धरायचा असतो. ते कागदावर होतं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून गोड आवाजात फोन आला.

“सर, आमच्या सेवेला एक ते पाचमध्ये किती गुण द्याल?”

“आधी मला सांगा, थेंब घशात उतरला तर डोळ्यात किती उरला?”

“सर, एक ते पाचमध्येच सांगायचंय.”

“पाच.”

“थँक यू, सर!”

भेटायला येणाऱ्यांना एकच शंका, बाहेरचं भिंग आत राहतं कसं? मग मी गॉगल सावरून सांगायचो. युद्धात विमानांच्या फुटलेल्या काचांचे, म्हणजे अ‍ॅक्रिलिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत बसले, तरी डोळा चिडला नाही, हे रिडली नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी हेरलं. १९४९ साली लंडनमध्ये त्यांनी त्याच जातीचं पहिलं भिंग बसवलं. शेजारच्या काकांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे प्लास्टिक बसवलंय तर. पैसे किती घेतले?” जाता जाता गुलाबपाणी घालायला सांगून गेले.

डोळ्यात तेल घालून काळजी घेतात म्हणे. हिने आठवडाभर पहाटे सहा ते रात्री दहा थेंब घातले, झोपताना झाकण चिकटपट्टीने बसवलं आणि मी चपलेचा पट्टा लावायला वाकलो की स्वयंपाकघरातून ओरडली.

आठव्या दिवशी बाकावर नंबराची वाट बघत बसलो होतो. फॉर्म हिच्या पर्समधून बाहेर डोकावत होता. जवळचं वाचायला चष्मा लागणारच आहे, पण हिचं अक्षर टपोरं. हात लांब केला आणि वाचलं. डॉक्टर, पाच चांदण्या. सिस्टर, पाच. स्वच्छता, पाच. अगदी खाली ‘आपल्या काही सूचना’ होतं, तिथे लिहिलं होतं: ‘डाव्या डोळ्याच्या वेळी पेशंटला सहा आठवडे ठेवून घ्यावे, ही विनंती.’