नवे हॉकी स्केट्स सोसून पायाला बसतात का?

‘आइस हॉकीचे स्केट्स नेहमीच्या बुटांच्याच मापाचे घ्यावेत, गरम पाण्यात भिजवून घालावेत आणि महिनाभर दुखणे सोसावे, म्हणजे ते आपोआप पायाला बसतात,’ हा सल्ला नवशिक्यांना हमखास ऐकायला मिळतो. यातले एकही विधान आजच्या स्केट्सना जसेच्या तसे लागू पडत नाही.

मापापासूनच चूक सुरू होते. हॉकी स्केटचा आकडा बहुधा नेहमीच्या बुटाच्या आकड्यापेक्षा एक ते दीडने लहान असतो; त्यामुळे तोच आकडा घेतला की टाच आत उचलली जाते, फोड येतात आणि ती धरून ठेवण्यासाठी नाड्या अवाजवी आवळल्या जातात. नाड्या बांधून सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढच्या कडक टोपीला जेमतेम स्पर्शावीत आणि गुडघे वाकवताच टाच मागे बसून ती किंचित सुटावीत, हे योग्य लांबीचे लक्षण आहे. जाड मोजे घालून सैलपणा भरून काढणे हा मला निव्वळ आत्मवंचनेचा प्रकार वाटतो.

सोसण्याचा सल्ला चामड्याच्या स्केट्सच्या काळात समजण्याजोगा होता, कारण चामडे वापराने सैलावते. आजचे बहुतेक स्केट्स कृत्रिम संयुक्त साहित्याचे असतात आणि त्यांपैकी बरेचसे दुकानातील खास भट्टीत, साधारण ८० अंश सेल्सिअसला, काही मिनिटे तापवून पायावर बसवता येतात. तापवलेला बूट घालून नाड्या वर न ओढता बाहेरच्या बाजूला ओढून बांधाव्यात, नाहीतर मऊ झालेल्या बुटातून नाडीच्या छिद्रांच्या कड्या निघू शकतात. मग बूट निवेपर्यंत न चालता बसून राहावे आणि बर्फावर उतरण्यापूर्वी एक दिवस जाऊ द्यावा. मात्र या उष्णतेने घोट्याभोवतीचा आणि टाचेचा भाग जुळतो, लांबी वाढत नाही, पुढची टोपीही ताणली जात नाही. बोटे दुमडत असतील तर स्केट बदलण्याला पर्याय नाही. घोट्याच्या हाडाशी एखादीच जागा टोचत असेल, तर दुकानात तेवढाच भाग फुगवून मिळतो.

गरम पाण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही: त्याने गोंद सुटू शकतो आणि रिव्हेट, म्हणजे बुटाला पाते जोडणारे धातूचे खिळे, गंजतात.

राहता राहिले दुखणे. पहिल्या काही सत्रांत तळव्याचे स्नायू थकणे स्वाभाविक आहे, परंतु पाय बधिर होणे, मुंग्या येणे किंवा घोट्याच्या पुढच्या बाजूला नाड्या रुतणे हे बूट नवा असल्याचे लक्षण नसून पायाला न जुळल्याचे आहे. ते विकत घेण्यापूर्वीच तपासता येते: नाड्या सैल करून, बुटाची जीभ पुढे ओढून, वरून तिसऱ्या जोडीच्या छिद्रांवर पेन्सिल आडवी ठेवावी. ती दोन्ही कडांना टेकण्याआधीच पायाला अडली, तर बूट त्या पायासाठी उथळ आहे आणि अधिक खोलीचा, म्हणजे बहुधा रुंद प्रकारातला, स्केट घालून पाहायला हवा.