विज्ञानकथेने देव जातो?

चवथीच्या आधी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर तीनदा येऊन गेला: ‘विज्ञानकथा हा देवधर्म मोडण्याचा पाश्चात्त्य डाव आहे. त्या वाचून मुलं नास्तिक होतात. आणि त्यात नवं काय, पुराणांत सगळं आधीच आहे.’ पाठवणाऱ्यांत माझे वडीलधारे आहेत, म्हणूनच उत्तर देतोय.

‘पाश्चात्त्य’ म्हणाल, तर जयंत नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ मराठीतलीच. सोंड उजवीकडे वळली कशी, याचं उत्तर ती अवकाशाच्या भूमितीत शोधते. उजव्या सोंडेचं सोवळं किती कडक, हे ज्या घराला ठाऊक, त्यालाच ती कथा पुरती भिडते.

‘नास्तिक होतात’ हा आरोप मला जास्त लागला. आर्थर क्लार्क यांच्या १९५५ सालच्या ‘द स्टार’ कथेतला निवेदक जेझुइट पाद्री आहे आणि खगोलशास्त्रज्ञही. एका ताऱ्याच्या स्फोटात अख्खी संस्कृती जळून गेल्याचं त्याला कळतं. हिशेब मांडतो, तर येशूच्या जन्मवेळी पृथ्वीवर दिसलेला तारा तोच! देव न मानणाऱ्याला या कथेत तुटण्यासारखं काही नाही. तुटतं ते पाद्र्याचं काळीज. तुकोबा विठोबाशी भांडले, ते विठोबा आपला होता म्हणूनच ना?

राहिली पुराणं. ककुद्मी राजा रेवतीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी जातो, क्षणभर थांबतो, तेवढ्यात पृथ्वीवर युगं उलटतात. कथा मला फार प्रिय आहे. पण तिला १९०५ चा सापेक्षतावाद म्हणणं बरोबर नाही. तिच्यात गणित नाही. योजलेले सगळे वर काळाने नेल्यावर बापाने करायचं काय, हा प्रश्न आहे. गणिताचं प्रशस्तिपत्र तिला कशाला हवं?

आणि श्रद्धेला असे प्रश्न आपण गोंयकारांनी कधीच विचारले नाहीत? पोर्तुगीजांच्या छळापायी १५६० च्या सुमारास श्रीमंगेश कुठ्ठाळीहून जुवारी नदी ओलांडून प्रियोळला आला. देव जागेचा की माणसांचा, याचा निवाडा आपल्या पूर्वजांनी भर संकटात केला. माणसं उद्या मंगळावर राहायला गेली तर ग्रामदैवत सोबत जाईल का, हा त्याच जातीचा प्रश्न आहे.

माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, बांधताना मी हे घरात काढलं. मंगळाला दोन चंद्र; त्यांतला फोबोस साडेसात तासांच्या आसपास एक फेरी मारतो. त्याच्यावरून तिथी मोजली तर चतुर्थी जेमतेम पंधरा मिनिटांची. मग गणपती बसवायचा कधी? भाची म्हणाली, पंचांग पृथ्वीचंच धरायचं. आई सुपारीचा घोस बांधता बांधता थांबली. ‘तिथी राहू दे गो,’ ती म्हणाली, ‘माटोळीला रानातली फळं तिथं कुठून आणणार?’ त्यावर जेवणं होईपर्यंत वाद चालला, आणि समई तेवतच होती.