पीएच.डी. झाली, आता संशोधन बंद?

आज एका साखरपुड्यात पंगतीला बसलो होतो. शेजारच्या काकांनी माझ्या मामेभावाला सगळ्यांदेखत विचारलं, "डॉक्टर झाला ना रे तू? मग अजून सीएचबीवरच का?" सीएचबी म्हणजे तासिकेप्रमाणे मानधनावर शिकवणं. तो मान खाली घालून बट्टी कुस्करत राहिला. घरी आल्यापासून डोकं फिरलंय माझं.

पोरगा चोपड्याकडचा. केळीवरच्या सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूजन्य रोगावर पीएच.डी. केलीय त्यानं. ज्यांच्या घरी केळी आहे त्यांना सांगायला नको, पानांवर पिवळे पट्टे दिसले की झाड उपटून गाडण्यावाचून इलाज नाही. मावा ही रस शोषणारी कीड हा रोग काकडीवर्गीय पिकांवरून, तणांवरून केळीवर आणतो. आपल्या बांधावरच्या नेमक्या कोणत्या तणात हा विषाणू उन्हाळाभर टिकून राहतो, हा त्याचा पुढचा प्रश्न. त्यासाठी हवी दोन वर्षं, एक प्रयोगशाळा आणि घर चालेल एवढी फेलोशिप. तेवढं मिळत नाही म्हणून सकाळी तासिका घेतो, दुपारी कृषी केंद्राच्या काउंटरवर बसतो. तिथे शेतकरी रोगट पान घेऊन येतात आणि हा त्यांना माव्याचं औषध काढून देतो. चीड येणार नाही तर काय होणार!

"योजना आहेत की," असं कुणीतरी म्हणेलच. आहेत. विज्ञान-अभियांत्रिकीला एएनआरएफची, सामाजिक शास्त्रांना आयसीएसएसआरची; दोन्ही संशोधनाला पैसा देणाऱ्या केंद्राच्या संस्था. पण तिथे अख्खा देश रांगेत. त्यात एएनआरएफची पस्तिशीची अट. काहींना सूट आहे, मान्य. पण शेत सांभाळत शिकलेल्या पोराची पस्तिशी कधी उलटते ते त्यालाही कळत नाही.

म्हणून आपल्या जळगावच्या विद्यापीठानं स्वतःच्या पोस्ट-डॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठीच्या, फेलोशिप दर वर्षी द्याव्यात, आणि त्या सगळ्या विषयांत. नुसत्या केमिस्ट्रीत नकोत. अहिराणी आणि लेवा गणबोली अस्सल बोलणारी म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांचं बोलणं नोंदवायला हवं. सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर काम हवं. १९३६ चं फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन आसपासच्या गावांनी कसं पेललं, ते तिथल्या घराघरांत जाऊन कोण विचारणार? पुणे विद्यापीठाकडे बघत बसायचं नव्हतं म्हणूनच १९९० मध्ये आपलं वेगळं विद्यापीठ झालं ना?

पैसा नाही, प्राध्यापकांच्या जागाच रिकाम्या आहेत, हेही खरं. भरती आधी व्हायलाच हवी. पण तोवर ही पोरं काउंटरवरच म्हातारी होणार का?

त्या काकांवर राग नाही माझा. आमची मामीही तेच म्हणते, "डॉक्टर व्हयना, पन पगार कोठे शे?" त्याची पीएच.डी. चालू होती तेव्हा तिनं एकटीनं शेत ओढलंय. तिला विचारायचा हक्क आहे, आणि तिच्यासमोर मला तोंड उघडवत नाही.

विद्यापीठाच्या सिनेटवरचे (अधिसभेवरचे) आपले काही मित्र हे वाचतायत. येत्या अर्थसंकल्पी बैठकीत हा ठराव मांडा. मसुदा मी लिहून देतो, मामेभावाला सोबत घेऊन.