लाईट आली, पाच मिनिटं थांबा

आमच्याकडं वीज नसते, लाईट असते. आणि ती 'येते'. दिवसपाळीला आली तर ठीक, रात्रपाळीला आली की बॅटरी, काठी घेऊन बोरवर जायचं आणि स्टार्टरच्या पेटीपुढं उभं राहून भौतिकशास्त्राचा पेपर सोडवायचा. हिरवं बटन दाबलं की प्रश्न क्रमांक एक सुरू : मोटर फिरते की गुरगुरते?

तारेतून करंट गेला की भोवती चुंबकक्षेत्र तयार होतं, हे ओर्स्टेडनं १८२० सालीच दाखवलं. तीन फेजचे, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांचे, करंट एकामागं एक चढउतार करतात, म्हणून बोरात बुडवलेल्या सबमर्सिबल मोटरच्या पोटात ते क्षेत्र सेकंदाला ५० फेरे मारतं आणि रोटरला, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला, मागं ओढत नेतं. एक फेज मेला की क्षेत्र फिरायचं सोडून जागच्या जागी डुलतं. मोटर नुसतीच गुरगुरते. चालू मोटरचा फेज गेला तर ती बिचारी थांबतही नाही. राहिलेल्या दोन तारांतून जवळपास पावणेदोन पट करंट ओढत राहते, आणि सकाळी रिवाइंडिंगवाल्याच्या दुकानाची वाट धरते.

"फेज हायेत की! टेस्टर तिन्हीवर पेटतोय," असं सांगणारा एक तात्या प्रत्येक बांधावर असतोच. टेस्टर पेटणारच. शेजारच्यांच्या चालू मोटरींच्या वाइंडिंगमधून मेलेल्या फेजवरही उलटा करंट येतो. म्हणून टेस्ट लॅम्प लागतो : सारख्या वॅटचे दोन बल्ब सिरीजमध्ये. एकच लावला तर दोन फेजमधल्या ४१५ व्होल्टला तो पुरत नाही. तिन्ही जोड्या तपासायच्या. जी मंद पेटते तिथं गडबड. मग लाईनमनला फोन. डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, चढून फ्यूजला तार गुंडाळायचं काम आपलं नाही, त्यात मोटरीपेक्षा महाग वस्तू जळते.

आता समजा तिन्ही फेज आहेत, पण व्होल्टेज ३००. माणसाला वाटतं, पाऊण भाग आहे, पाऊण पाणी येईल. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गात मोजतात, म्हणजे उरला जेमतेम निम्मा. त्यात स्टार्टरची कॉइल आर्मेचर, म्हणजे समोरची लोखंडी पट्टी, धरेना, खडखड करते. ही कॉइल म्हणजे साधा विद्युतचुंबक. व्होल्टेज पडलं की सोडून द्यायचं, हेच तिचं काम. तिनं सोडू नये म्हणून आपले लोक पेटीत काडी खोचतात. राखणदाराला खाटेला बांधून चोराला दार उघडं ठेवायची ही पद्धत आहे.

दुसरा उपाय डीपीच्या अर्थिंगला पाणी घालायचा. याला मी हसणार नाही. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली की कोळसा-मिठाचा खड्डा कोरडा पडतो, न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी चौथी तार, डळमळतो आणि एका घरात बल्ब मिणमिणतो, दुसऱ्यात फुटतो. फक्त पिकाला पाणी द्यायचं म्हणून आधी डीपीला पाणी पाजायचं, हे उसाला कसं समजावणार!

पण खरा खलनायक ऑटो स्विच, लाईट आली की आपोआप मोटर चालू करणारा. १०० केव्हीएच्या डीपीची झेप १३३ अँपिअरची. त्यावर पाच एचपीच्या १५ मोटरी. चालताना प्रत्येकी साडेसात, म्हणजे ११२, मजेत. मात्र उठताना मोटर सहापट ओढते. लाईट आल्याक्षणी पंधराही ऑटो स्विच एकदम टपकले की पावणेसातशे अँपिअर! व्होल्टेज कोसळतं, कुणाचीच मोटर उठत नाही, सगळ्या ओढतच राहतात आणि डीपीचा फ्यूज उडतो. डीपीच गेली तर आठवडाभर चर्चाच.

यावर आमच्या शिवारात बैठक झाली. ऑटो स्विच काढायचे, डीपीवरचा करंट थोडा हलका व्हावा म्हणून प्रत्येक मोटरला दोन केव्हीएआरचा कपॅसिटर बसवायचा, आणि लाईट आल्यावर प्रत्येकानं पाच मिनिटं थांबून मग बटन दाबायचं. सगळ्यांनी शब्द पाळला. रात्री बाराला लाईट आली आणि बारा वाजून पाच मिनिटांनी पंधराही बटनं एकदम दाबली गेली.

मी आता सात मिनिटं थांबतो. तात्यांना सांगू नका.