‘ब्लेडलेस’ म्हणजे बिनअवजारांची शस्त्रक्रिया नव्हे

‘लेझरने चष्म्याचा नंबर घालवताना डोळ्याला अवजार लागतच नाही, सगळं यंत्र करतं, म्हणून ना चुकीची भीती, ना संसर्गाची.’ हा मजकूर व्हॉट्सॲपवर सर्रास फिरतो. यातलं खरं एवढंच, की पातं गेलं.

पापण्या उघड्या धरणारा स्पेक्युलम तर प्रत्येक पद्धतीत लागतो. लॅसिकमध्ये फेम्टोसेकंद लेझर कॉर्नियात, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, साधारण 100 ते 120 मायक्रॉन खोलीवर बारीक बुडबुड्यांचा थर उठवतो. बुडबुड्यांच्या मधले धागे तसेच राहतात. ते सोडवतो सर्जनचा हात. हुकाने फ्लॅपची, म्हणजे एका बाजूने बिजागरीसारख्या जोडलेल्या पापुद्र्याची, कड शोधायची, बिजागरीजवळून बोथट स्पॅट्युला आत सरकवायचा आणि पट्ट्यापट्ट्याने फ्लॅप सुटा करायचा. अडलं तिथे जोर लावला की फ्लॅप फाटतो. एक्सायमर लेझरने नंबर उतरवला की कॅन्युला या बारीक नळीने फ्लॅपखाली सलाइन सोडून धुवायचं, फ्लॅप परत बसवायचा आणि ओल्या स्पंजने बिजागरीकडून बाहेर निपटायचा. सुरकुती राहिली तर नजर धूसर.

स्माइल या दुसऱ्या लेझर पद्धतीत फ्लॅप नाही, पण हातकाम उलट जास्त. 2 ते 4 मिलिमीटरच्या छेदातून लेझरने कॉर्नियात आखलेल्या चकतीचा आधी वरचा थर सोडवायचा, मग खालचा. क्रम उलटला तर चकती वरच्या थराला चिकटून बसते आणि सापडता सापडत नाही. चिमट्याने बाहेर काढलेली चकती पसरून अख्खी आहे का, हे बघायलाच हवं. तुकडा आत राहिला तर नजर वेडीवाकडी होते.

‘पातं धोक्याचं, लेझर बिनधोक’ हेही अर्धवट. मायक्रोकेराटोमने, म्हणजे फ्लॅप कापणाऱ्या पात्याच्या यंत्राने, जास्त उभार कॉर्नियावर फ्लॅपला मधोमध भोक पडू शकतं, सपाट कॉर्नियावर फ्लॅप पूर्ण सुटून हातात येऊ शकतो. फेम्टोत बुडबुड्यांचा वायू वरच्या थरातून फुटून बाहेर येऊ शकतो. तिथे फ्लॅप उचलायचा नाही, थांबायचं. डोळा घट्ट धरणारं सक्शन मात्र दोन्हीकडे सुटू शकतं.

संसर्गाचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. अवजारं ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, काढली म्हणजे निर्धोक झाली, असं नाही. ऑटोक्लेव्हच्या टाकीत पाणी साठून राहिलं की त्यात जंतूंचा थर धरतो. वाफेने जंतू मरतात, पण त्यांचं एंडोटॉक्सिन हे विष उरतं आणि अवजारांवरून फ्लॅपखाली जातं. मग पहिल्या एक-दोन दिवसांत फ्लॅपखाली वाळूसारखी पांढरी दाणेदार सूज दिसते: डीएलके (डिफ्यूज लॅमेलर केराटायटिस). जंतू नसतात, त्यामुळे निव्वळ अँटिबायोटिक थेंबांनी ती उतरत नाही. स्टिरॉइडचे थेंब लागतात, वाढली तर फ्लॅप उचलून धुवावा लागतो. म्हणून टाकी रोज रिकामी करून कोरडी ठेवायची, आणि कॅन्युलाची नळी वापरानंतर लगेच आतून शुद्ध पाण्याने धुवायची. आत वाळलेला कण नंतर निघत नाही.