आम्हाला काहीही चालतं

श्टुटगार्टला आमच्याकडे पाहुणे आले की रविवारी दुपारी जर्मन बुफेला जाण्याची टूम निघते आणि "आम्हाला काहीही चालतं" असे घरून निघताना ठणकावून सांगणारी हीच मंडळी तिथे पोचताच प्रत्येक पदार्थाची उलटतपासणी सुरू करतात. झाउअरक्राउट आंबट लागते म्हणे! अहो, तो आंबवलेला कोबीच आहे. त्याने गोड का लागावे? स्पेट्झल म्हणजे इथल्या जाडसर शेवया; त्यांत अंडे असते हे मी तीनदा बजावले, तरी चीज घातलेले स्पेट्झल ताटभर वाढून घेतले जाते आणि चौथ्यांदा विचारून झाल्यावर ते निमूटपणे माझ्या ताटाकडे सरकवले जाते. निदान बटाट्याचे सॅलड तरी निर्धोक असेल, असे समजणाऱ्यांना आमच्या या श्वाबेन भागात त्यात मेयोनेझऐवजी बहुधा मांसाचा रस्सा घालतात, हे सांगण्याचे पातक माझ्याच माथी येते. लाल कोबी पुष्कळदा हंसाच्या किंवा डुकराच्या चरबीत शिजवतात, असे म्हटल्यावर तर ती चरबी जणू मीच ओतली, अशा नजरेने माझ्याकडे पाहिले जाते. पाण्याच्या बाटलीचे पैसे वेगळे का, हा वाद दर खेपेचाच. शेवटी भरभक्कम युरो मोजून मंडळी काकडी, पाव आणि तीन-तीन वाट्या व्हॅनिला सॉस खातात (त्यातही पुष्कळदा अंड्याचा बलक असतो, पण ते मी आता सांगत नाही) आणि रात्री आठ वाजता मला घरी पिठलं-भात टाकावा लागतो तो लागतोच.